मी सांगितलं होतं म्हणे

मेमरी क्लिनिकच्या बाहेर बाकांवर बसलेल्या प्रत्येकाला कुणीतरी धरून आणलं होतं. लेकीनं आईला, बायकोनं नवऱ्याला, सुनेनं सासऱ्याला. मी एकटीच अशी होते, जिनं नवऱ्याला ओढत आणलं होतं, आणि तेही स्वतःला दाखवायला. आमचे हे तोंड पाडून शेजारी बसले होते. काउंटरवरच्या मुलीनं "पेशंट कौन है?" विचारलं आणि यांच्याकडेच बघितलं. मी म्हटलं, "मैं हूँ बेटा. ये तो बस साथ में आए."

विसरणाऱ्या माणसांबद्दल त्यांच्या घरच्यांनी लिहिलेलं पुष्कळ सापडतं. पण ज्याला स्वतःलाच आतून वाटतंय की काहीतरी सैल झालंय, आणि बाकी सगळे "काही नाही गं, वय झालं" म्हणतायत, त्यानं काय करायचं हे मला कुणी सांगितलं नाही. म्हणून लिहितेय. यातलं काही मला आठवतं आणि काही यांनी सांगितलंय. कुठलं माझं आणि कुठलं यांचं ते पुढं येईलच.

डोक्यातली कुळं

मी सोयरिकी जुळवते. अंबरपेठेत सुमनकाकू म्हणून ओळखतात, पण "स्थळवाल्या काकू" म्हटलं तरी रिक्षावाला आमच्या दारात आणून सोडेल. मानाच्या साडीपलीकडे कधी काही घेतलं नाही. हौस म्हणा, खोड म्हणा. दोन घरं बघितली की माझे हात शिवशिवायला लागतात.

आमच्याकडची माणसं नांदेड, लातूर, बिदरकडून कधीकाळी शेती भावांवर टाकून नोकरीसाठी हैदराबादला आली. इथं येऊन गावावरून आडनावं लावली. हाळीचे ते हाळीकर, मुखेडचे ते मुखेडकर. त्यामुळे आडनावावरून कुळाचा काही पत्ता लागत नाही. आताची पोरं मराठी बोलतात ती निम्मी तेलुगू, निम्मी दखनी. मराठी पाटी वाचायला लावली तर अडखळतात. त्यांना देवक विचारलं तर म्हणतात, "वो क्या होता काकू?"

देवक म्हणजे कुळाचं झाड किंवा वेल. कुणाचा कळंब, कुणाची मोरवेल, कुणाचे पंचपल्लव. लग्नाआधी घरोघरी ते पूजेला बसतं. आणि ज्यांचं देवक एक, ती माणसं बहीण-भाऊ. त्यांच्यात सोयरीक होत नाही. हे सगळं या शहरात आता कुणाकडे आहे म्हणाल तर माझ्या डोक्यात. कधी लिहून ठेवलं नाही. गरजच पडली नाही.

मोरवेल

दिवाळीनंतर सानिका आणि अनिकेतचा साखरपुडा झाला. सानिका बरकतपुऱ्याच्या हाळीकरांची, अनिकेत सिकंदराबादच्या मुखेडकरांचा. मध्यस्थ मी. पोरं एकमेकांकडे बघून नुसती हसत होती, बघणाऱ्याचंही पोट भरत होतं.

माझ्या शेजारी अनिकेतची आत्या बसली होती. बोलता बोलता ती म्हणाली, "काकू, आमचं देवक मोरवेल. ह्या शहरात कुठं मिळंल हो? का गावाकडूनच आणावी?"

"बघू की," मी म्हणाले. हाळीकरांचंही देवक मोरवेलच. सानिकाच्या काकाच्या लग्नात बरकतपुऱ्याच्या दारात मांडवाला बांधलेली मोरवेल मी डोळ्यांनी पाहिली होती. एक पोरगी तिची फुलं तोडत होती म्हणून मी तिला रागावलेही होते. इतकं लख्ख आठवत होतं. मग जुळवताना कुठं गेलं होतं ते?

समोर पाहुण्यांना पेढे वाटत सानिकाची आई मीनाताई फिरत होती. माझ्याकडे बघून ती ओळखीचं हसली. मी मनात म्हटलं, हिला बिचारीला पत्ताच नाही. सगळा हॉल जेवायला उठला आणि मी खुर्चीला चिकटून बसले. बहीण-भावाची सोयरीक मी लावली होती, आणि ते कळणारी त्या हॉलमध्ये मी एकटीच होते. उठून सांगावं तर दोन घरांची अब्रू जाणार. न सांगावं तर इतक्या वर्षांत मी जे केलं त्याला काही अर्थच नाही.

आणि त्याहून वाईट म्हणजे मला माझाच भरवसा वाटेना. मोरवेल खरंच हाळीकरांची होती, की दुसऱ्या कुणाच्या मांडवातली मी इथं आणून चिकटवत होते? विचारायचं कुणाला? ज्यांना ठाऊक होतं ती म्हातारी माणसं गेली. आता साक्षीला उभं राहायचं तर माझंच डोकं, आणि संशयही त्याच्यावरच.

फोन वाजवला की सापडतो

हे एकाएकी झालं नव्हतं. वरणात दोनदा मीठ पडायचं. एकदा कोपऱ्यावरच्या ओळखीच्या दुकानापुढं उभी राहिले आणि घरी जायला डावीकडे की उजवीकडे, हे क्षणभर सुचलंच नाही. क्षणभरच, पण अंगाला घाम फुटला. मी ते सगळं झाकून नेत होते. या मोरवेलीनं मात्र माझा धीर गेला.

घरी येऊन यांना सांगितलं. हे वर्तमानपत्र वाचत होते. "अहो, माझ्याकडून फार मोठी चूक झाली," म्हणून सगळं सांगितलं. यांनी पेपराची घडी घातली, उलगडली, परत घातली. म्हणाले, "सोड ना. आजकाल कोण बघतं देवक?"

"मी बघते."

"तू जरा कमी बघ."

आमची सून श्रावणी तेलुगू आहे. लग्नानंतर तिनं मराठी शिकून घेतली आणि आता माझ्यापेक्षा हळू, पण माझ्यापेक्षा शुद्ध बोलते. मुलगा कामासाठी बंगळूरला, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. ती म्हणाली, "अत्तय्या, मीही विसरते. फोन कुठं ठेवला ते मला रोज आठवत नाही."

"फोन विसरणं वेगळं बाई. फोन वाजवला की सापडतो."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना तिनं क्लिनिकची वेळ ठरवूनच आणली. समजूत घालायची ती कुणीही घालतं. माझं ऐकून घेतलं ते या पोरीनं, आणि ते मी विसरणार नाही असं म्हणावंसं वाटतं.

पाच शब्दांची सोयरीक

तपासणी करणारी मुलगी कोवळी होती. कुठल्या भाषेत विचारू म्हणाली. तेलुगू, हिंदी, इंग्रजी. मराठी नव्हतीच. मी हिंदी घेतली. तिनं घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले. मग पाच शब्द सांगितले आणि म्हणाली, थोड्या वेळानं परत विचारीन. आम, चाँदी, घोड़ा, टोपी, कुआँ.

आता माझं डोकं तीस-चाळीस वर्षं एकच काम करतंय. मी त्या पाचांची लगेच सोयरीक जुळवली. टोपीवाला नवरदेव घोड्यावर आला, हातात चांदीचं ताट, मुलीकडच्यांच्या अंगणात विहीर आणि विहिरीवर आंबा. स्थळ चांगलं होतं. तिनं परत विचारलं तेव्हा मी पाचही धाडधाड सांगितले. ती खूश झाली. मी नाही झाले, कारण तिनं विचारलं ते मला आठवलं नव्हतं. मी ते बांधून ठेवलं होतं म्हणून हाती लागलं.

डॉक्टरीणबाई मधल्या वयाच्या, शांत. कागद बघून म्हणाल्या, सगळं ठीक आहे, वयाच्या मानानं चांगलंच आहे. मग यांच्याकडे वळल्या. "आप को घर में कुछ फरक दिखता?"

हे खुर्चीत ताठ झाले. "नहीं नहीं. एकदम फर्स्ट क्लास है."

माझे डोळे भरून आले. पास झाले म्हणून कुणी रडतं का? पण मला वाटलं, झालं, आता हे दार बंद झालं. मी त्यांना टोपी आणि घोड्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, मॅडम, मी कॉपी केली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अम्मा, मरीज़ खुद आके बोलता तो मैं उसको छोटी बात नहीं समझती. कागज़ में नहीं आया, मतलब नहीं है, ऐसा नहीं."

इतक्या दिवसांत एवढं एक वाक्य मला हवं होतं. ते मिळालं.

मग त्यांनी सगळं नीट समजावलं. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या, कानांची तपासणी, मेंदूचा फोटो. आणि रक्ताचीच एक नवी तपासणी निघालीये, त्यातून पुढच्या धोक्याचा अंदाज येतो. पण ती सगळ्यांनी करावी अशी नाही. "मालूम हुआ तो वापस अनजान नहीं हो सकते. घर जाके सोचो."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "कशाला नसती उठाठेव?"

मी म्हटलं, "अहो, मुलगी द्यायची तर आपण सात घरी चौकशी करतो. मग मी माझी चौकशी करू नको?"

वाट बघणं

एमआरआयच्या नळकांड्यात ठकठक आवाज येत राहतो. मी आत पडल्या पडल्या जुळवलेली लग्नं आठवत होते, जुन्यापासून पुढं. जुनी सगळी आली, मुलांच्या मामांच्या नावांसकट. अलीकडची मात्र हाताला लागून निसटत होती. मी ते डॉक्टरांना बोलले नाही. कुठलीही गोष्ट बोलली की ती आहे असं होतं.

रक्ताचा अहवाल बाहेरून यायचा होता. ते दिवस घरात फार वाईट गेले. मी एकच गोष्ट धरून बसले होते. आधी म्हणायचे, हाळीकरांना जाऊन सांगते. मग म्हणायचे, नाही, मीच चुकत असेन, उगाच सोन्यासारखी सोयरीक मोडेल. पत्रिका छापायला गेल्या होत्या. हे एकदा माझ्यावर ओरडले. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात हे कधी ओरडले नव्हते. "किती वेळा तेच तेच," म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर गेले. मी मागून म्हटलं, "तेच तेच कारण तुम्ही उत्तर देत नाही म्हणून." श्रावणीनं टीव्हीचा आवाज वाढवला.

लोकांचे फोन यायचे. काकू, मुलगा बघा, मुलगी बघा. मी म्हणायचे, गुडघे दुखतात, नंतर बघू. खरं कारण बाहेर फुटलं तर काय होईल ते मला चांगलं माहीत होतं. नवीन स्थळं येणार नाहीत, ते राहू द्या. पण मी आधी जुळवलेली घरं रात्रंदिवस विचार करतील, आपल्या वेळेला ही बाई शुद्धीत होती ना? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी मूठ झाकून बसले. मुठीत काय आहे ते मलाच ठाऊक नव्हतं.

अहवाल

अहवाल पौषात आला. आमच्याकडे पौषात शुभ काही करत नाहीत, तेव्हा वेळ बरोबरच होती म्हणायची.

डॉक्टरीणबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. अल्झायमरचा धोका माझ्या वयाच्या इतरांपेक्षा जास्त दिसतोय, म्हणाल्या. आजार झालाय असं त्या आज लिहीत नव्हत्या. होणारच असंही म्हणत नव्हत्या. किती वर्षांनी, तेही कुणी सांगू शकत नाही.

"म्हणजे मी आहे तरी कोण?" मी मराठीतच विचारलं. त्यांना तेवढं कळलं.

"अभी तो वही हो जो कल थे," त्या म्हणाल्या.

मला ते ऐकून बरं वाटलं नाही. आजारी माणसाला नुसतं पडून राहता येतं, लोक डाळिंबं घेऊन भेटायला येतात. धडधाकट माणसाला कामाला लागता येतं. मला यातलं एकही नव्हतं. गाडी येणार एवढं सांगितलंय, फलाट सांगितला नाही, वेळ सांगितली नाही, आणि स्टेशन सोडून जायचीही सोय नाही, असं काहीसं झालं.

करायच्या गोष्टी साध्याच होत्या. रक्तदाब सांभाळायचा, रोज चालायचं, झोप पुरी करायची. एका कानानं कमी ऐकू येतं ते तेव्हाच कळलं. त्याला मशीन लावायचं. "और मिलना-जुलना बंद नक्को करो अम्मा." उठताना त्यांनी यांना सांगितलं, पुढच्या वेळी मला तुमच्याशी नीट बोलायचंय, घरातलं तुम्हालाच जास्त दिसतं. हे मान खाली घालून "हौ" म्हणाले.

मी मनाशी ठरवलं. आज मला जे पक्कं आठवतंय ते उद्या आठवेलच याची खात्री नाही. तेव्हा सांगायचं तर आत्ताच. मोडली सोयरीक तर मोडली.

तिळगूळ

संक्रांतीला तिळगुळाचं निमित्त करून मी बरकतपुऱ्याला गेले. श्रावणीनं रिक्षात बसवून दिलं, मी हट्टानं एकटीच गेले. गच्च्यांवर पोरं पतंग उडवत होती. हाळीकरांच्या बैठकीत लग्नाचं सामान पसरलं होतं. मीनाताईनं साड्या बाजूला सारून मला बसवलं, चहा आणला.

मी चहा घेतला नाही. म्हटलं, "मीना, मी एक सांगायला आलेय. रागावलीस तरी चालेल, पण पुरतं ऐकून घे. तुमचं देवक मोरवेल. मुखेडकरांचंही मोरवेल. माझ्या लक्षात यायला हवं होतं, नाही आलं. चूक माझी आहे."

मीनाताई माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

"काकू, हे तुम्ही आम्हाला दसऱ्यालाच सांगितलं की."

"काय सांगितलं?"

"हेच. देवक एक आहे म्हणून. तुम्ही आणि काका जम्मीची पानं द्यायला आला होता, इथंच बसला होता. सानिकाचे पप्पा तर उठूनच चालले होते, मोडली म्हणून. तुम्हीच त्यांना हात धरून बसवलं. म्हणालात, पोरीला मामाच्या मांडीवर द्या. मामाचं देवक कळंब. मामानं कन्यादान केलं की पोर कळंबाची झाली, मग अडतं कुठं? मुखेडकरांनाही तुम्हीच फोन लावला, इथूनच. ते म्हणाले, काकू म्हणतात तर बरोबरच असंल."

मी दसरा आठवून बघितला. आला. मीनाताईची जांभळी साडी आली. माझ्या ताटातली पुरणपोळी आली, तिच्यात जायफळ जास्त झालं होतं. जम्मीची, म्हणजे शमीची, पानं वाळली होती आणि माझ्या पदरावर त्यांचा चुरा पडला होता, तोही आला. बोलणं आलं नाही. सानिकाचे वडील उठले, मी त्यांचा हात धरला, फोन लावला, यातलं काही म्हणजे काही आलं नाही.

"मी सांगितलं होतं?" मी परत विचारलं.

"हौ. काकांना विचारा की. ते तुमच्या शेजारीच होते." एवढं बोलून मीनाताई थांबली. तिचं हसू गेलं. ती उठून माझ्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, बरं नाही का तुम्हाला?"

इतके दिवस मी गुडघ्यांचं नाव पुढं करत होते. त्या वेळी करता आलं नाही. "नाही गं," म्हटलं, "बरं नाही." घराबाहेरच्या माणसाला मी पहिल्यांदा सांगितलं. मीनाताईनं वयाचं नाव काढलं नाही, काही नाही. माझा हात हातात घेऊन बसून राहिली. चहावर साय धरली.

म्हणजे मी घाबरले होते ते उलटंच होतं. देवक मला बरोबर आठवलं होतं. मोरवेल खरी होती, माझा जुना ठेवा जिथल्या तिथं होता. गेलं होतं ते तीन महिन्यांपूर्वीचं माझं स्वतःचं बोलणं. माझी चूक झालीच नव्हती, आणि तरी मी रिक्षात बसून घरी येईपर्यंत रडत होते.

वाटाणे

हे अंगणात वाटाणे सोलत बसले होते. मी चप्पलही काढली नाही. "दसऱ्याला मी हाळीकरांना देवकाचं सांगितलं होतं?"

यांचे हात थांबले. "हौ."

"तुम्ही होता तिथं?"

"होतो."

"मग मी इतके दिवस जीव खाल्ला तुमचा, माझा स्वतःचा खाल्ला, तेव्हा तुम्ही एका शब्दानं का नाही बोललात?"

यांनी हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाले, "साखरपुड्याहून आलीस आणि म्हणालीस चूक झाली. मला वाटलं थट्टा करतेस. मग तुझं तोंड बघितलं." पुढची शेंग उचलली. "मी सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, सुमन."

मला त्या क्षणी यांचा राग आला तसा कधी कुणाचा आला नसेल. डॉक्टरांसमोर फर्स्ट क्लास म्हणाले होते. मला वेड्यासारखं त्या एका गोष्टीभोवती फिरू दिलं होतं. मी तोंडाला येईल ते बोलले. हे ऐकत राहिले आणि सोलत राहिले. मग माझं लक्ष गेलं, तर टरफलं पातेल्यात पडत होती आणि दाणे कचऱ्याच्या कागदावर. मी खाली बसले आणि दाणे वेचायला लागले. नवरा घाबरला की काय करतो ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

घरचं माणूस

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अम्मा, तुम्ही बाहेर बसता का? मी म्हटलं नाही, जे आहे ते माझ्यासमोर होऊ द्या. हे खिशातून रुमाल काढून बसले आणि आपल्या मोडक्या हिंदीत एकेक सांगायला लागले.

गॅस बंद केला का ते हे रोज मागून बघतात. तीनदा उघडा सापडला. दुपारी दूधवाला आला का, हे मी विचारते, यांनी उत्तर दिलं की पुन्हा विचारते. श्रावणीच्या आईशी मी फोनवर बोलले आणि संध्याकाळी तिला सांगितलं की तुझ्या आईचा बऱ्याच दिवसांत फोन नाही. देवकाची गोष्ट तर होतीच. श्रावणीही यात सामील होती. दोघं मिळून माझ्या मागून आवरत होती आणि मला कळू देत नव्हती.

प्रत्येक गोष्ट टोचली. पण मी खोटं सांगणार नाही, टोचत असताना एक ओझंही उतरत होतं. मी एवढे दिवस बोंबलत होते ते खरं होतं. मला वेड लागलं नव्हतं. आणि आतापासून मी एकटीच साक्षीदार नव्हते.

डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. आता दर काही महिन्यांनी जायचंय, परत तपासायचंय. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःबद्दल असं वाटत असेल तर मी एवढंच सांगेन की जा. आणि जाताना प्रेमाचं माणूस नेलंत तर खरं बोलणारं न्या. दोन्ही एकाच माणसात मिळायला वेळ लागतो, आम्हाला लागला.

मांडव

लग्न माघात झालं. सिकंदराबादेतला मोठा हॉल, पाच-सातशे माणूस. मी यांच्या हाताला धरून गेले, कानात नवं मशीन, त्यामुळे सनई जरा जास्तच ऐकू येत होती. मीनाताईनं मला पहिल्या रांगेत बसवलं. मला वाटत होतं तिनं चार जणांना सांगितलं असेल, लोक वेगळ्या नजरेनं बघतील. कुणी बघितलं नाही. तिनं मूठ झाकून ठेवली होती.

सानिकाच्या मामाकडचा कळंब मांडवात बसला होता, मुखेडकरांची मोरवेल त्यांच्या खोलीत. मामानं पोरीला मांडीवर घेतलं, एवढी नोकरी करणारी पोर लाजून लाल झाली. कन्यादान झालं. सानिकाच्या वडिलांच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं.

जेवायच्या आधी बायका माझ्याभोवती जमल्या. अनिकेतची आत्या म्हणाली, "काकू, काय तोड काढली तुम्ही. आमच्या घरी तर सगळे म्हणत होते आता कसलं लग्न. तुम्हाला सुचलं तरी कसं?"

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं.

मी यांच्याकडे बघितलं. हे कधी बायकांच्या घोळक्यात बोलत नाहीत. पण खुर्ची पुढं ओढून घेतली आणि म्हणाले, "मी सांगतो. मी होतो ना तिथं." मग यांनी सगळं सांगितलं. सानिकाचे वडील कसे उठले, मी कसा त्यांचा हात धरला. मी आधी मुलीच्या आजोळची नावं विचारली, मग मामाचं देवक विचारलं, मग थोडा वेळ पुरणपोळी खात गप्प बसले. आणि मी एकदम म्हणाले, "अहो, पोर मामाची करून टाका, झालं."

बायका हसल्या. मीही ऐकत होते, पदर तोंडाला लावून, पुढं काय झालं म्हणून. चांगलं सुचलं होतं मला.